पहिला हात

ओजस मगदूमचा हातगुण चांगला, ही गोष्ट इचलकरंजीतल्या त्यांच्या गल्लीत सर्वमान्य होती. कुणी नवी गाडी घेतली की पहिली चक्कर ओजसनं मारायची. कुणी दुकान काढलं की पहिलं गिऱ्हाईक ओजस. त्यानं कुंडीत खोचलेली कढीपत्त्याची काडी गच्चीपर्यंत पोचली होती, आणि त्यानं बटण दाबून सुरू केलेले माग कुरकुर न करता चालत होते. लोकांची भरभराट झाली, लोक पेढे देऊन गेले, आणि ओजस होता तिथेच राहिला. कापडाच्या एका कारखान्यात मागांवर नजर ठेवणारी यंत्रं होती, त्या यंत्रांवर नजर ठेवायची नोकरी त्याला होती. सगळ्या गावाचं भलं करणारा आपला हात आपल्यालाच तेवढा ओळख देत नाही, असं त्याला वाटायचं.

एके काळी हाच हात गाजला होता. ‘भुईकोट’ नावाचा संगणकावरचा खेळ तेव्हा नुकताच आला होता आणि पुढे तर त्याला सरकारदरबारी कबड्डी-खोखोच्या पंगतीत बसवलं गेलं. खेळ समजायला सोपा. दोन खेळाडू एका किल्ल्यात एकमेकांच्या मागावर असतात. तटाला जंग्या असतात, म्हणजे बंदुकीची नळी जाईल एवढी भोकं. समोरचा जंगीत डोकावला की पापणी लवायच्या आत गोळी झाडायची. घाई केली तर गोळी वाया जाते आणि आपण कुठे दडलोय ते समोरच्याला कळतं. उशीर केला तर आपण संपलोच. विशीतला ओजस, त्याचा पडद्यावरचा शिपाई पाठमोरा असतानाही, अर्धं वळून असा नेम धरायचा की बघणारे उठून उभे राहायचे. ‘मगदूम गिरकी’ म्हणायचे तिला. राज्याच्या अंतिम सामन्यात तो हरला आणि मनगट धरूनच घरी आला. डॉक्टरांना मनगटात काही सापडलं नाही. पण ‘मनगट गेलं, नाहीतर...’ हे वाक्य ओजसला सापडलं आणि त्यानं ते जपून ठेवलं.

हा खेळ त्यानंच बायकोला शिकवला होता, सुट्टीच्या दुपारी, विरंगुळा म्हणून. आता राज्य संघाच्या निवड चाचणीसाठी मनवाला बोलावणं आलं होतं. ओजसनं गल्लीभर पेढे वाटले. वाटता वाटता त्याच्या पोटात दुखत होतं, आणि ते काही पेढ्यांमुळे नव्हतं.

चाचणीसाठी नवा माऊस घ्यायचा ठरलं. अफरोज तांबोळी हा ओजसचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं दुकान खेळाच्या सामानाचंच होतं. त्यानं काचेवर कापड अंथरलं आणि एकेक माऊस मांडला.

“वहिनी, दाबू नका. नुसता हात ठेवा. तो काय म्हणतो ते बघा.”

एक इतका हलका की शिंकलं तरी सरकेल. एक आखूड, बोटांच्या टोकांनी धरणाऱ्यांसाठी. एकाची पाठ उंच, सगळा तळवा टेकून खेळणाऱ्यांसाठी. मनवा प्रत्येकावर हात ठेवून बघत होती. ओजस बाजूला उभा राहून सल्ले देत होता, आणि सल्ले देताना त्याचं सगळं लक्ष तिच्या बोटांकडं होतं. काय सुरेख वाकत होती ती. इतकी वर्षं ह्या बोटांनी आपल्याला चहा दिला, आणि त्यांच्यात हे आहे हे आपल्याला कधी दिसलं नाही, याचा त्याला राग आला. बराच वेळ घालवून दोघांनी मिळून उंच पाठीचा माऊस ठरवला.

तेवढ्यात मनवाला माहेरून फोन आला आणि ती बाहेर पायरीवर जाऊन बोलायला लागली.

“हे बघ भावा,” अफरोज माऊस उलटा करून म्हणाला, “हा आगाऊ माऊस आहे. पोरांनीच ठेवलंय नाव. बोट हलवायचं असं मेंदूनं ठरवलं की हुकूम सुटतो. तो हातापर्यंत येणार, स्नायू आतल्या आत ताठणार, आणि मग कुठं बोट हलणार. डोळ्याला दिसत नाही, पण ह्याच्यात वेळ जातो. स्नायू ताठताना कातडीखाली जी बारीक वीज खेळते ना, ती ह्या माऊसच्या पाठीला कळते. तुझं बोट हलायच्या आत तो निघालेला असतो. खाली चुंबकं आहेत, ती रेटतात त्याला.”

“आणि चुकीचं कळलं तर?”

“तीच तर गंमत. प्रत्येकाचा हात वेगळा. म्हणून तो आधी शिकतो. ह्याच्या आत एक पापुद्रा आहे. संगणकाला जोडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात ज्याचा हात लागेल त्याच्यासारखा तो बसतो, ते कायमचं. गुळाचा पाक साच्यात ओतला की कसं? ढेप बसायच्या आत काय करायचं ते करा. नंतर वरून खरवडता येईल थोडंफार, पण आकार तोच राहतो.” त्यानं दाराकडं बघितलं. “वहिनींना नक्की सांग हे. पहिला अर्धा तास त्यांचाच हात. मागं एकानं नवाकोरा माऊस मेव्हण्याला बघायला दिला. आता तो बिचारा मेव्हण्यासारखा खेळतोय.”

“सांगतो की,” ओजस म्हणाला. आणि त्या वेळी त्याला खरंच सांगायचं होतं.

घरी आल्यावर ओजसच्या आईनं पाट मांडला. नवं यंत्र घरात आलं आणि त्याला हळद-कुंकू लागलं नाही असं त्या घरात कधी झालं नव्हतं. वॉशिंग मशीनच्या झाकणावर अजून स्वस्तिक होतं.

“आई, खालच्या त्या भोकात कुंकू नको हं, तो त्याचा डोळा आहे,” मनवा बोटानं झाकत म्हणाली.

“डोळा आहे तर काजळ लावू का?” आई म्हणाली आणि स्वतःच हसली. मग तिनं फूल वाहिलं, नारळ फोडला, आणि हात पुसत म्हणाली, “चल रं ओजस, लाव पहिला हात. साऱ्या गावाला लावतोस, बायकोच्या वस्तूला नको?”

ओजसनं तोंड उघडलं. ‘नको’ हा दोन अक्षरांचा शब्द. अफरोजनं सांगितलेलं जिभेच्या टोकावर होतं.

“बस की,” मनवा म्हणाली. तिनं खुर्ची मागं ओढली. “तुझा हात लागला की मला बरं वाटतं. मजा म्हणून नाही म्हणत, खरंच.”

तो बसला. आईचं मन कशाला मोडा, असं त्यानं स्वतःला सांगितलं. दोन मिनिटं हात ठेवून उठू, दोन मिनिटांनी काय ढेप बसतेय? पण हाताखाली तो माऊस हळूहळू जागा व्हायला लागला. आधी अडखळला, मग विचारल्यासारखा थोडा सरकला, आणि मग ओजसच्या मनात यायच्या आत जिकडं जायचं तिकडं जायला लागला. ओजसनं खेळ उघडला. समोर यंत्राचाच खेळाडू होता. पाठीमागच्या जंगीत हालचाल झाली आणि ओजसच्या हातून, इतक्या वर्षांनी, गिरकी निघाली. आई स्वयंपाकघरात गेली, मनवा मागं उभी राहून टाळ्या वाजवत राहिली, आणि तो खेळतच राहिला. उठला तेव्हा अर्धा तास कधीच होऊन गेला होता. त्यानं खुर्ची मनवाला दिली आणि काहीच बोलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मनवाचा खेळ बिघडला.

ती थांबायची तिथं माऊस निघायचा. तिला डावीकडून सावकाश यायचं असे, तो झटक्यात वळायचा. गोळ्या वाया जात होत्या. ज्यांना ती झोपेत हरवायची ते सरावात तिला हरवायला लागले. ओजस कामावरून येऊन तिच्या शेजारी बसे, आणि तिचा नेम चुकला की त्याच्या छातीत काहीतरी सैल होई. गोड वाटायचं त्याला, अगदी खरं सांगायचं तर. आणि त्या गोडाची त्याला लाजही वाटायची. पण लाज काही त्याला बोलायला लावण्याइतकी मोठी नव्हती.

“माझा हात गेला रे,” एकदा मनवा म्हणाली. तिनं दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले होते. “जमत होतं ते सगळं गेलं. जुना माऊस काढू का परत?”

हे विचारलं तेव्हा त्यानं ‘काढ’ म्हणायला हवं होतं. तेवढं म्हटलं असतं तरी निम्मं पाप फिटलं असतं.

“नव्या कोल्हापुरी चपलेसारखं असतं ते,” तो म्हणाला. “आधी चावते, मग पायाची होते. काढ थोडे दिवस.”

ती रडली. त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात फिरवणारा माणूस आणि आत बसून हिशेब करणारा माणूस, दोघेही ओजसच होते, आणि दोघांचं एकमेकांशी बरं चाललं होतं. ती हरली तर काय बिघडेल? घर होतं तसं होईल. सुट्टीच्या दुपारी पुन्हा तो शिकवेल आणि ती शिकेल.

मग एका सकाळी पोहे खाताखाता मनवा म्हणाली, “मी त्याच्याशी भांडायचं सोडून दिलं.”

“कुणाशी?”

“माऊसशी. मला कळलं, तो वाईट नाही. त्याला त्याची एक सवय आहे. मोठी सुरेख आहे ती सवय, पण तो फार उतावळा आहे. मग मी त्याला म्हटलं, कसं वळायचं ते तू ठरव बाबा, कधी वळायचं ते मी ठरवणार. काल मी हाताला नुसतं गप्प बसायला शिकवलं. आतल्या आतसुद्धा ताठायचं नाही. वेळ आली की मगच ताठायचं.” तिनं शेवटचा घास खाल्ला. “काल सहा जणांना हरवलं मी. तू झोपला होतास.”

ओजसच्या घशात पोह्यातला शेंगदाणा अडकला. ती त्याच्याच हाताचं वर्णन त्याला ऐकवत होती, आणि उतावळा म्हणत होती.

चाचणी पुण्याला झाली. मोठा हॉल, भिंतीएवढा पडदा, खुर्च्या भरलेल्या. शेवटचा सामना परभणीच्या एका मुलीशी होता, आणि जी तो जिंकेल तिची निवड पक्की होती. दोघी बरोबरीत आल्या. शेवटच्या डावात मनवाचा शिपाई तटाच्या आतल्या अंगाला, अंधारात, पाठमोरा बसला होता. परभणीची मुलगी मागच्या बाजूनं येत होती, हे पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं, फक्त मनवाला दिसत नव्हतं. तिला फक्त पावलं ऐकू येत होती.

ओजस पाचव्या रांगेत बसला होता. पावलं थांबली आणि त्याचा उजवा हात मांडीवरच वळला, बोट दाबलं गेलं. त्याच्या अंगात जे होतं ते हेच होतं: आत्ता. आत्ताच वळायचं!

मनवा वळली नाही.

जंगीत अजून कुणीच नव्हतं. परभणीच्या मुलीनं पावलं थांबवली होती ती हूल होती. ओजसची गोळी, जर ती खरी असती, तर दगडावर आदळली असती. राज्याच्या अंतिम सामन्यात ती तशीच आदळली होती. तेव्हाही पावलं थांबली होती. हे त्याला आठवलं आणि तो खुर्चीत गारठला. मनगटाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. त्यानं वाट पाहिली नव्हती, बस.

मग जंगीत एक सावली हलली, आणि मनवाचा शिपाई अर्धा वळला. काय गिरकी होती ती! ओजसला तिचा सगळा बाक ओळखू आला, सुरुवातीचं ते थोडं जास्तीचं वळण आणि शेवटी मनगटानं मारलेला झटका. लोक उठून उभे राहिले. समालोचक ओरडत होता, ‘ही गिरकी आणली कुठून या मुलीनं?’

ओजसही उभा राहिला. तो टाळ्या वाजवत होता आणि त्याला कळत नव्हतं की आपला जळफळाट नक्की कुणावर होतोय. हात तर आपलाच होता. तो इतका चांगला होता हे आपल्याला कुणी सांगितलं का नाही? आणि तो चांगला असूनही आपण हरलो, ते कुणामुळे?

गल्लीत परतल्यावर हारतुरे झाले. आईनं जो येईल त्याला सांगितलं की पहिला हात ओजसचा होता. “मग काय, हातगुणच तसा!” लोक म्हणाले आणि त्याच्या पाठीवर थापा मारून गेले. त्यालाही वाटा मिळत होता, नाही असं नाही. पण तो वाटा चटणी-कोशिंबिरीएवढा होता, आणि त्याला ताट हवं होतं.

रविवारी दुपारी मनवा पलंगावर राज्य संघाच्या शिबिरासाठी कपड्यांच्या घड्या घालत होती आणि फोन खांद्याला लावून कुणाशी तरी बोलत होती. “अगं हो, ती गिरकी हल्लीच बसली मला. कशी बसली कोण जाणे. आपोआपच.”

तिनं फोन ठेवला.

“आपोआप?” ओजस म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच चढलेला वाटला. “आपोआप बसली म्हणे! माझी आहे ती. माझा हात बसलाय त्या माऊसमध्ये, पहिल्या अर्ध्या तासाचा. ज्याचा पहिला हात, त्याची ढेप. अफरोजनं स्पष्ट सांगितलं होतं. ती गिरकी तुझी नाही मनवा, माझी आहे. लोक उठून उभे राहिले ते माझ्या हातासाठी!”

मनवाच्या हातात एक टॉवेल होता. तिनं त्याची घडी पूर्ण केली.

“अफरोजभाईंनी कधी सांगितलं होतं?”

तेव्हा कुठं ओजसला कळलं की आपण काय बोललो.

“दुकानात,” तो म्हणाला. “तू बाहेर फोनवर होतीस.”

“म्हणजे पूजेच्या आधी.”

“हो.”

“म्हणजे मी हात गेला, हात गेला म्हणून रडत होते, तेव्हा तुला ठाऊक होतं.”

तिनं उत्तराची वाट पाहिली. वाट पाहण्यात तिला कुणी हरवणार नव्हतं.

“होतं,” तो शेवटी म्हणाला.

“आणि तू मला चपलेची गोष्ट सांगितलीस.” ती पलंगाच्या कडेवर बसली. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. “मला नुसतं म्हणायचं होतंस ना, मनवा, मला बघवत नाही. मला समजलं असतं रे. लग्न झाल्यावर तू खेळायचास, आणि मी मागं उभी राहून टाळ्या वाजवायचे, तेव्हा मलाही बघवायचं नाही. एवढी जळायचे मी तुझ्यावर. जळूनच तर शिकले. पण मी तुझी खुर्ची नाही हलवली कधी.”

आतून आईच्या टीव्हीचा आवाज येत होता. मग मनवा उठली, टेबलाजवळ गेली, माऊसची वायर काढून ती नीट गुंडाळली आणि माऊस ओजसच्या पुढ्यात ठेवला.

“हा तू ठेव. तुझाच आहे. उद्या मी अफरोजभाईंकडं जाऊन दुसरा आणते.”

“अगं, वेडी का काय? त्याच्यावर जिंकलीस तू! शिबिरात नव्यानं सगळं...” तो बोलता बोलता थांबला. कारण आता त्याला वेगळीच भीती वाटायला लागली होती. ती आपल्या हाताशिवाय जिंकली तर? “ने की तोच. असू दे त्यात माझा हात. मी नाही कुणाला सांगणार.”

“तू नाही सांगणार. पण प्रत्येक वेळी जिंकले की मला वळून तुझ्याकडं बघावं लागेल, हे तुझं का माझं म्हणून. मला नको ते.” ती पुन्हा घड्या घालायला लागली. “हरेन कदाचित. पण माझ्या हातानं हरेन.”

सकाळी ती स्कूटरची किल्ली घेऊन निघाली तेव्हा ओजस दारात उभा होता. रात्रभर विचार करून त्यानं एकच वाक्य तयार केलं होतं.

“मी येऊ का सोबत? बोलायचं नाही काही. नुसता निवडायला मदत करतो.”

“नको,” मनवा म्हणाली. मग तिला वाटलं असावं की एवढंच पुरेसं नाही. ती हेल्मेट हातात घेऊन थांबली. “तू जवळ असलास की मी माऊसकडं बघतच नाही ओजस. तुझ्या तोंडाकडं बघते. तुझं तोंड पडलेलं दिसलं की माझा हात आखडतो, आणि तुला बरं वाटेल असं काहीतरी मी उचलते. निवडताना तरी मला एकटीला राहू दे.”

स्कूटर गल्लीच्या टोकाला वळून दिसेनाशी झाली. ओजस आत येऊन टेबलाशी बसला आणि त्यानं उंच पाठीच्या त्या माऊसवर हात ठेवला. तो त्याच्या तळव्याला असा बसला जसा दुसऱ्या कुणालाच बसला नसता. मनात यायच्या आत तो निघाला, इमानदार नोकरासारखा. पण ओजसचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. अफरोजच्या दुकानात, काचेखालच्या एखाद्या बंद खोक्यात, ज्याला अजून कुणाचाच हात लागला नव्हता असा एक माऊस त्या क्षणी पडून असेल, आणि थोड्या वेळानं मनवा त्याच्यावर हात ठेवणार होती. ओजसला त्याचा हेवा वाटला.